शेषशायी देव आणि पेठेची शिल्लक

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून ज्ञानोबारायांची, देहूहून तुकोबारायांची आणि महाराष्ट्राच्या दाही दिशांहून अन्य संतांची पालखी घेऊन निघालेला वैष्णवांचा मेळा पंढरीस पोहोचला आहे. ज्यांना वारी घडली त्यांनी चंद्रभागेचे स्नान केले. ज्यांना घडली नाही त्यांनी घरच्या देव्हाऱ्यापुढे तुळस वाहून मनोमन कळसाचे दर्शन घेतले. अशा मंगल दिवशी केराची गोष्ट काढणे कित्येकांना औचित्यभंग वाटेल. तथापि ज्या देवाचा आजचा दिवस, त्याच्या शय्येचे नावच या विषयाशी जोडलेले आहे. म्हणून वाचकांनी क्षणभर धीर धरावा.

या तिथीस शास्त्रकार शयनी एकादशी म्हणतात. आजपासून भगवान विष्णू क्षीरसागरात योगनिद्रा घेतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात. ते निजतात कशावर? शेषावर. संस्कृतातील ‘शिष्’ या धातूचा अर्थ उरणे असा आहे. शेष म्हणजे जे उरले ते. प्रलयकाळी सारे चराचर लयास गेले तरी जो उरतो तो शेष, असा या नावाचा उलगडा पौराणिक करतात. जगाचा पालनकर्ता उरलेल्याचीच शय्या करून तिच्यावर विसावला आहे, ही कल्पना ज्या पूर्वजांना सुचली त्यांनी उरलेल्याचा विचार किती खोलवर केला असेल!

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर ‘उच्छिष्टा’वर एक संपूर्ण सूक्त आहे. यज्ञात आहुती दिल्यावर जे उरते त्या उच्छिष्टातच नामरूप आणि सारे लोक सामावले आहेत, असा त्याचा आशय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञशेष सेवन करणाऱ्यास पापमुक्त म्हटले, आणि केवळ स्वतःपुरते शिजवणारा पापच खातो असे स्पष्ट बजावले. देवापुढून उतरलेल्या फुलांना आपण ‘निर्माल्य’ म्हणतो. ‘निर्मल’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. तात्पर्य, उरलेले म्हणजे टाकाऊ, हे समीकरण आपल्या परंपरेचे नाही. उरलेल्यालाही एक स्थान असते आणि ते त्याला मिळवून देणे हा कर्माचाच अखेरचा भाग असतो.

पेठेतील दोन शिल्लका

हा विचार देवळात आपण मानतो, पेठेत मात्र विसरतो. यात्रेच्या रात्री दुकानदार फळी ओढतो, गल्ला मोजतो, रोजमेळ लिहितो आणि शेवटी ‘शिल्लक’ मांडतो. ही शिल्लक तो तिजोरीत ठेवतो, तीवर हळदकुंकू वाहतो. पण त्याच दिवसाची आणखी एक शिल्लक दुकानाच्या पायरीखाली पडलेली असते. केळ्यांच्या साली, शेंगांची टरफले, चहाचे पेले, पेढ्यांची खोकी, फराळाच्या पुड्यांचे चकचकीत कागद, पाण्याच्या बाटल्या, सुकलेले हार, आणि वडे तळून काळे पडलेले तेल. ही शिल्लक कोणत्याही वहीत चढत नाही. पहिली शिल्लक आपली आणि दुसरी गावाची, असा न्याय आपण बिनबोभाट लावून घेतला आहे. माझा आक्षेप या न्यायाला आहे.

यात्रा उलगडली की एक वाक्य ठरलेले असते: ‘वारकरी आले आणि गाव घाण करून गेले.’ हे वाक्य अन्यायाचे आहे. वारकऱ्याच्या पडशीत असते काय? धोतर, लुगडे, टाळ, पोथी, गळ्यात तुळशीची माळ आणि फार तर घरून बांधून आणलेली भाकरी. पेला, पुडी, पिशवी, बाटली यांतले बहुतेक सारे त्याला येथेच विकले जाते. ज्याने विकले त्याच्या हाती पैसा राहिला, ज्याने घेतले त्याच्या हाती केर राहिला, आणि तो टाकायला आसपास जागा नव्हती. मग दोष एकट्या त्याचा कसा?

साधा हिशेब करून पाहू. एका टपरीवर यात्रेच्या दिवसांत रोज पाचशे पेले चहा खपतो असे समजा. चार दिवसांचे दोन हजार पेले झाले. अशा शंभर टपऱ्या धरल्या तर दोन लाख. बरे, तो पेला कागदाचा म्हणावा तर चहा झिरपू नये म्हणून त्यास आतून प्लास्टिकचा पातळ लेप दिलेला असतो. त्यामुळे तो नीट कुजत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. त्यात उपवासाचा दिवस! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पोटावर आहे. पण आता ती केरालाही लागू पडते. खिचडी, वडे, केळी, राजगिऱ्याच्या वड्या यांच्या वेष्टनांचा ढीग पाहिला म्हणजे उपवास नक्की कोणी केला, असा प्रश्न पडतो.

संतांचे धंदे

‘महाराज, आम्ही संसारी, धंदेवाईक माणसे, आम्हांला हे ज्ञान कशाला?’ असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या नावाने आपण टाळ वाजवतो ती संतमंडळी धंदेवाईकच होती. नामदेवराय शिंप्याच्या घरचे, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सावतोबा माळी, आणि तुकोबांच्या घरी वाण्याचे दुकान. या सर्व धंद्यांत उरलेल्याला रीत होती. शिंप्याच्या चिंधीची गोधडी होत असे. माळ्याचा पालापाचोळा मळ्यातच खत होऊन परत येई. सोनाराच्या दुकानातील केर आणि राख तर विकली जात असे. झारेकरी ती घेऊन, धुऊन त्यातील सोन्याचे कण वेचून काढीत. ज्या व्यवसायात केरालाही गिऱ्हाईक आहे, त्या व्यवसायात कोणी केर रस्त्यावर लोटत नाही.

कुंभाराची रीत तर विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कच्चे मडके मोडले तर ती माती भिजवून पुन्हा चाकावर चढते. एकदा भट्टीत भाजून निघाल्यावर फुटले तर त्या खापराची माती पुन्हा होत नाही. केराचेही असेच आहे. तो जेथे निर्माण होतो तेथेच वेगळा ठेवला, तर सालीचे खत होते, बाटली भंगारात जाते, पुठ्ठा रद्दीत जातो. एकदा सारे एका टोपलीत कालवले गेले की खताला प्लास्टिक लागते, पुठ्ठ्याला खरकटे लागते आणि दोन्ही वाया जातात.

पौर्णिमेस गोपाळपुरात काला होईल. काल्याचे कीर्तन करताना आम्ही सांगतो की सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या, भेद गेला आणि प्रसाद झाला. अन्नाचा काला भगवंताने केला, म्हणून तो प्रसाद. केराचा काला मात्र आपण करतो आणि त्यातून दुर्गंधी, माशा आणि रोग यांखेरीज काही निपजत नाही. काला शिदोरीचा असावा, केराचा नसावा, एवढा विवेक आपण बाळगला तरी निम्मे काम होईल.

पाणी कोठून येते, कोठे जाते

हा कालवलेला केर पावसाच्या लोंढ्याबरोबर उताराला लागतो, आणि पंढरीचा उतार चंद्रभागेकडे आहे. चंद्रभागा म्हणजे भीमाच. भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगाजवळ ती उगम पावते. देहू-आळंदीहून आलेली इंद्रायणी तुळापुरास तिला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही तिच्यातच येते. मग उजनीच्या धरणात थांबून ती पंढरीस येते आणि चंद्रकोरीसारखे वळण घेते. वरच्या शहरांनी तिच्यात किती घाण सोडली याबद्दल आपण तावातावाने बोलतो, आणि ते बोलणे खरेही आहे. परंतु नदी पंढरीस संपत नाही. ती पुढे कर्नाटकात जाते. गाणगापुरास तिचा आणि अमरजेचा संगम आहे, तेथे दत्तभक्त स्नान करून संगमाचे पाणी ओंजळीत घेतात. पुढे रायचूरच्या बाजूस ती कृष्णेला मिळते. वरच्याने आपल्याला जे दिले त्याची तक्रार करायची आणि खालच्याला तेच द्यायचे, हा कोणता धर्म?

‘फुले नदीत सोडली तर काय बिघडले? ती तर कुजून जातात,’ असे भाविक विचारतात. बिघडते ते कुजण्यानेच. पाण्यात कुजणारा प्रत्येक पदार्थ पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतो. चार फुले नदी पचवते. गाडाभर हार पचवताना तिचा श्वास कोंडतो आणि मासे मरतात. शिवाय आजच्या हारात नुसती फुले कोठे असतात? जर, प्लास्टिकचा दोरा, चकचकीत कागदाची फुले आणि वर प्लास्टिकची पिशवी. यांतले काहीच कुजत नाही.

दंड जुना, नियम नवा

केरासाठी दंड करणे हे आधुनिक सरकारचे खूळ आहे, असाही समज आढळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात नागरिक नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश दंड, चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्यास चतुर्थांश, आणि हाच अपराध राजमार्गावर घडला तर दुप्पट, असे तेथे लिहिले आहे. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय येथे मलविसर्जन करणाऱ्यास चढता दंड सांगितला आहे. क्षेत्र जितके पवित्र तितकी जबाबदारी अधिक, हे त्यामागील सूत्र. आपण नेमके उलटे वागतो. क्षेत्रात आलो म्हणजे सारे क्षम्य मानतो.

आपल्या काळातही कायद्यांची वाण नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा निर्माण होतो तेथेच वेगळा करण्याचे बंधन घातले, आणि फिरत्या विक्रेत्यानेही आपल्या मालाच्या केरासाठी भांडे ठेवावे असे सांगितले. महाराष्ट्र शासनाने 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तळणीच्या तेलासंबंधीही 2018 पासून नियम आहे. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडले की ते खाद्य म्हणून वापरता येत नाही. असे तेल गटारात न ओतता साठवून दिले तर त्यापासून इंधन तयार होते. पण कायदा दाराशी उभा राहतो; उंबऱ्याच्या आत येतो तो नेम. दंडाच्या भीतीने झाकलेली पिशवी इन्स्पेक्टर वळला की पुन्हा बाहेर येते. नेमाने सोडलेली वस्तू बाहेर येत नाही.

काय करता येईल

व्यापारी बंधू म्हणतात, ‘आम्ही नगरपरिषदेचा कर भरतो, केर उचलणे तिचे काम.’ उचलणे तिचे काम, हे मान्य. पण वेगळा करून ठेवणे आपले काम आहे. घंटागाडीला आपण कालवलेला केर द्यायचा आणि तिने त्यातून खत काढावे अशी अपेक्षा करायची, हे दुधात मीठ टाकून लोणी मागण्यासारखे आहे.

‘गिऱ्हाईकच पिशवी मागते’ ही दुसरी अडचण. ती खरी आहे, आणि तिचे उत्तर घराघरांतील माताभगिनींच्या हाती आहे. पंढरीस जाणाऱ्याने पडशीत एक कापडी पिशवी आणि एक लोटी ठेवावी. प्रसाद घ्यायचा तो कागदी पुडीत किंवा स्वतःच्या डब्यात घ्यावा. दुकानदारानेही कापडी पिशवी अनामत ठेवून द्यावी; परत आणली की अनामत परत. बाटलीच्या बाबतीत हीच पद्धत पूर्वी सोडावॉटरवाले पाळीत, आणि बाटली कोणी फेकत नसे. चहावाल्याने काचेचे पेले आणि धुण्याची सोय ठेवावी. पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्यावेत. त्या लावणाऱ्या हातांना त्यातून रोजगार मिळतो आणि उष्ट्यासकट पत्रावळ खतात जाते.

हारवाल्यांनी सुती दोऱ्याचाच हार करावा आणि सुकलेला हार परत घ्यावा. निर्माल्याचे खत करणे अवघड नाही. दोरा काढावा, फुलांचे तुकडे करावेत, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा आणि थोडे शेण मिसळावे, आठवड्यातून एकदा उलथावे. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी पण पाणी गळू नये, एवढी काळजी घ्यावी. आषाढाचा पाऊस लागू नये म्हणून वर छप्पर हवे. साधारण दीड-दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. ते तुळशीच्या मळ्यात घातले तर देवाच्या गळ्यातील तुळस पुन्हा देवाच्या गळ्यात येईल. निर्माल्याला याहून चांगली गती कोणती? तिरुपतीच्या देवस्थानाने 2021 साली वापरलेल्या फुलांपासून उदबत्त्या करण्यास आरंभ केला. जे तेथे घडले ते येथे अशक्य नाही. केवळ मोठ्या देवस्थानांनाच हे परवडते असेही नाही. सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्यासारख्या लहान गावाच्या नगरपरिषदेने घरोघर केर वेगळा करवून घेतला, ओल्यापासून वायू आणि खत केले, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला. तेथील केराची जागा पाहायला आज परगावचे लोक जातात.

एकट्या दुकानदाराला खड्डा, छप्पर, माणूस हे सारे परवडणार नाही, हेही खरे. म्हणून हे काम गल्लीने आणि पेठेने मिळून करावे. दहा-वीस दुकानांनी मिळून एक जागा घ्यावी, एक माणूस योग्य वेतनावर नेमावा, भंगारवाल्याशी करार करावा. आणि प्रत्येकाने रोजमेळाच्या शेवटी एक ओळ अधिक लिहावी: आज ओला किती, सुका किती. जे मोजले जाते ते हळूहळू कमी होते, हे व्यापाऱ्याला शिकवायला नको. आम्हां कीर्तनकारांनीही यजमानास आधीच सांगावे की प्लास्टिकच्या फुलांचा जरीचा हार नको. तुळशीची माळ पुरे.

केराची पाटी कोणाच्या शिरावर

यात्रेनंतर मंदिरात प्रक्षाळपूजा होते. भक्तांसाठी रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या विठुरायाला ऊन पाण्याने स्नान घालतात, मंदिर धुऊन काढतात, काढा देतात, आणि मगच त्याच्या शेजेचा नित्यक्रम सुरू होतो. त्याच सुमारास गावाचीही प्रक्षाळपूजा चालू असते. ती करणारे सफाई कामगार असतात. भर पावसात, घाटावर आणि गल्ल्यांत, आपण कालवून टाकलेल्या केरात हात घालून ते आपले गाव आपल्याला परत देतात. फुटलेली काच त्यांच्या हाताला लागते, सडलेल्या अन्नाची घाण त्यांच्या श्वासात जाते. देवाचा शीण आपण काढ्याने घालवतो. यांचा शीण कोण घालवणार? केर वेगळा ठेवणे, काच कागदात गुंडाळून देणे ही त्यांच्यावर मेहेरबानी नव्हे. ती आपली देणी आहेत.

या गावात केर भरण्याचे काम हलके मानणाऱ्याने जनाबाईंचे स्मरण करावे. जनी झाडलोट करी आणि चक्रपाणी केराची पाटी शिरावर घेऊन दूर टाकून येई, अशी साक्ष तिच्या अभंगांत आहे. गाडगे महाराज (1876–1956) गावात शिरताच आधी झाडू हाती घेत आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनास उभे राहत. ज्या केराला देवाने आणि संताने हात लावला, त्याला हात लावायला आपल्याला लाज का वाटावी?

आजपासून चातुर्मास सुरू होतो. घराघरांत नेम धरले जातील. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी वांगे सोडील, कोणी एकभुक्त राहील. या नेमांत आणखी एका नेमाची भर घालावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. घरी गृहिणीने आणि दुकानात मालकाने, आजपासून कार्तिकीपर्यंत ओला आणि सुका केर एका भांड्यात टाकायचा नाही, आणि निर्माल्य पाण्यात सोडायचे नाही. खर्च दोन टोपल्यांचा आहे. चार महिन्यांत हाताला सवय लागते आणि मग नेम म्हणून आठवण ठेवावी लागत नाही.

कार्तिक शुद्ध एकादशीस देव जागा होईल. तेव्हा वाळवंटात पुन्हा दिंड्या उतरतील, पेठेत पुन्हा गर्दी होईल आणि रात्री पुन्हा शिल्लक मांडली जाईल. त्या रात्री वहीत दोन्ही शिल्लका लिहिलेल्या असाव्यात, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.